वाण आणि गुण

बाबांचा चेक परत आला. खात्यात पैसे होते, तारीख बरोबर होती, रक्कम अंकी आणि अक्षरी जुळत होती. सोबतच्या चिठ्ठीवर कारण होतं: सही जुळत नाही. बाबा संतापले. सगळी नोकरी ड्राफ्ट्समन म्हणून केलेला माणूस. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने अशी अक्षरं काढायचे, की छापलीत की काय असं वाटावं. त्यांच्या सहीवर शंका घ्यायची म्हणजे थेट हातावरच घ्यायची.

काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन आमच्याकडे वळवली. वर जुनी सही होती. ऐसपैस, शेवटच्या अक्षराखालून मागे फिरणाऱ्या लफ्फेदार रेघेसकट. खाली चेकवरची. पहिलं अक्षर जेमतेम तेवढंच, पुढचं त्याहून लहान, त्यापुढचं आणखी लहान, आणि शेवटाला तर मुंगी चालत गेल्यासारखं काहीतरी. वळण तेच होतं, मोडही तेच. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही माझीच आहे." दोहोंपैकी कोणती, ते बोलले नाहीत.

त्यांचा हात थरथरत नव्हता. म्हणून तर कंपवात आमच्या कुणाच्या मनातही आला नाही. मराठी नावाने इथे थोडी फसवणूकच केली आहे. कंप प्रत्येकाला असतोच असं नाही, आणि वाताचा तर संबंधच नाही. डॉक्टरांनी बाबांना अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवून उघडायला सांगितली. पहिल्या चारपाच वेळा बोटं छान लांब गेली, मग अंतर कमी होत होत चिमटीच उरली. सहीचंच झालं होतं ते, फक्त हवेत. मग चालायला सांगितलं. उजवा हात हलत होता, डावा पिशवी धरल्यासारखा अंगालगत. रक्त तपासायला सांगतील म्हणून आई उपाशीपोटी घेऊन आली होती बाबांना. तसं काही नाही, या आजाराचं निदान मुख्यतः बघून आणि विचारूनच होतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. वास येतो का? पोट साफ होतं का? झोपेत हातपाय झाडतात का?

आईने माझ्याकडे बघितलं. आठएक वर्षांपूर्वी गॅस चालू राहिला होता. आई बाहेरून आली, दारातच तिला भपकारा आला, आणि बाबा आत दहा पावलांवर वर्तमानपत्र वाचत बसलेले. केवढी बोलणी खाल्ली होती त्यांनी तेव्हा! झोपेत ओरडणं तर आमच्याकडे विनोदाचा विषय होता. एकदा स्वप्नात कुणाला तरी लाथ मारताना त्यांनी उशाचा दिवा पाडला. तेव्हापासून आई वेगळी झोपते. हे सगळं आम्ही पाहुण्यांना रंगवून सांगायचो.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. उठता उठता आईने विचारलं, "हे आनुवंशिक असतं का हो?" विचारत डॉक्टरांना होती, बघत माझ्याकडे होती.

'आनुवंशिक' हा शब्द दवाखान्यात शास्त्राचा असतो. घरी आला की त्याचा आरोप होतो. दोन दिवसांत आत्याचा फोन आला, कुणी काही विचारायच्या आत: "आमच्याकडे कुणालाच नव्हतं हं असलं काही." मग आईच्या बाजूने कुणा चुलतआजोबांची मान हलायची ती आठवण निघाली, पण तो उलटा पुरावा, कारण प्रश्न बाबांच्या रक्ताचा होता. तेवढ्यात कुणीतरी "खाण तशी माती" म्हणालंच. मी त्या संभाषणात खाणही नव्हते, मातीही नव्हते; मी पुढची माती होते. रात्री वाचत बसायला सुरुवात केली ती त्यामुळे. मी डॉक्टर नाही. पोटापाण्यासाठी मुद्रितं तपासते. चुका शोधणं एवढंच मला येतं.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली या आजारावर छोटं पुस्तक लिहिलं तेव्हा त्याच्याकडे सहाच रुग्ण होते, आणि त्यांतले काही तर त्याने रस्त्यावर बघितलेले. माणूस कसा वाकतो, कसा घाईघाईने छोटी पावलं टाकत पुढे झुकत जातो, हे त्याने इतकं अचूक टिपलं आहे, की दोनशे वर्षांनंतरही त्यात फारसं खोडावं लागत नाही. एक वाक्य मात्र चुकलं: ज्ञानेंद्रियं आणि बुद्धी यांना काही होत नाही, असं त्याने लिहून ठेवलं. गॅसचा वास न आलेल्या माणसाची मुलगी ते वाक्य वाचते तेव्हा तिच्या हातातली लाल पेन्सिल आपोआप उचलली जाते.

मेंदूच्या तळाशी, मध्यमेंदूत, एक काळपट पट्टा असतो. त्याचं लॅटिन नावच मुळी 'काळा पदार्थ' असं आहे, सब्स्टान्शिया नायग्रा. काळेपणा न्यूरोमेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा. बाळाच्या मेंदूत तो नसतो; वयाबरोबर साठत जातो. इथल्या चेतापेशी डोपामिन बनवतात, आणि हालचाल केवढी मोठी करायची, किती जोराने करायची, याचा अंदाज मेंदूला त्या डोपामिनवरून येतो. १९१९ साली त्रेत्याकॉफने पॅरिसमध्ये आपल्या प्रबंधात दाखवलं, की कंपवाताच्या रुग्णांमध्ये हा पट्टा फिका पडलेला असतो. काळ्या शाईत जन्म काढलेल्या माणसाच्या बाबतीत याची तुलना कशाशी करावीशी वाटेल ते सांगायला नको. मी ती करणार नाही, कारण बाबांना असल्या उपमांचा राग येतो.

पट्टा फिका पडायला वर्षानुवर्षं लागतात. हालचालीत काही दिसेपर्यंत तिथल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. म्हणजे आम्ही उशाच्या दिव्याचा किस्सा सांगून हसत होतो तेव्हा ते चालूच होतं.

पण पेशी का मरतात? ज्या पेशी अजून जिवंत असतात त्यांच्या पोटात सूक्ष्मदर्शकाखाली गोल गाठोडी दिसतात. फ्रिडरिश लेवीने ती १९१२ साली पहिल्यांदा नोंदवली, म्हणून त्यांना लेवी बॉडी म्हणतात. ती कशाची बनली आहेत हे कळायला पंचाऐंशी वर्षं गेली. उत्तर मिळालं ते दक्षिण इटलीतल्या कोंतुर्सी नावाच्या गावाकडून. तिथल्या एका मोठ्या घराण्यात, त्यातल्या अमेरिकेला गेलेल्या शाखेतही, पिढ्यान् पिढ्या कंपवात होता आणि तोही बहुधा पन्नाशीच्या आत. १९९७ साली चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात त्यांची चूक सापडली. एक अक्षर. जिथे 'जी' हवा तिथे 'ए' पडला होता. त्या जनुकावरून अल्फा-सायन्यूक्लिन नावाचं प्रथिन बनतं, १४० अमिनो आम्लांची माळ. या एका अक्षरामुळे माळेतला ५३ वा मणी बदलत होता. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं, की लेवीची गाठोडी मुख्यतः याच प्रथिनाची असतात. हे फक्त कोंतुर्सीकरांपुरतंच खरं नव्हतं. ज्यांच्या घराण्यात कधीच कुणाला नव्हतं, त्यांच्याही पेशींत तेच गाठोडं.

एका अक्षराने घात होतो हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. 'दीन' आणि 'दिन' यांत माझी अर्धी हयात गेली. पण खरी झोप उडवली ती पुढच्या गोष्टीने. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आणखी एक घराणं होतं. तिथे त्या जनुकात एकही चूक नव्हती. अक्षरन् अक्षर बरोबर. २००३ साली लक्षात आलं, की एका गुणसूत्रावर तो सगळा मजकूरच सलग तीनदा छापला गेला आहे. दुसऱ्या गुणसूत्रावरची एक धरून एकूण चार प्रती. प्रथिन निर्दोष, फक्त जास्त. एवढ्यावर आजार होतो, आणि लवकर होतो, तीव्र होतो. ज्यांच्याकडे एकूण तीनच प्रती आहेत त्यांना साधारण उशिरा आणि सौम्य. हे वाचून मी काही वेळ नुसती बसून राहिले. आम्ही मुद्रितशोधक चुकीचं अक्षर शोधत असतो. मजकूर शुद्ध आहे, पण जरुरीपेक्षा जास्त आहे, ही चूक आम्हाला सहसा सापडत नाही. ती वाचणाऱ्याला सापडते.

हे प्रथिन शत्रू नव्हे. चेतापेशीच्या टोकाशी, जिथून डोपामिनच्या पिशव्या सोडल्या जातात, तिथे त्याची कामाची जागा आहे. त्याला ठरावीक आकार नसतो, सैल दोऱ्यासारखं ते वावरतं. कधी एखादा रेणू चुकीचा दुमडतो, दुसरा त्याला चिकटतो. असं प्रत्येक पेशीत थोडंफार होतच असणार. तरुणपणी पेशी तो कचरा रोजच्या रोज काढते. म्हणजे प्रश्न कचऱ्याचा जेवढा आहे तेवढाच झाडूचाही आहे, आणि बाकीच्या जनुकांच्या बहुतेक कथा झाडूच्याच निघाल्या.

त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पिंक-१ आणि पार्किन या जोडीची. १९९८ साली जपानी संशोधकांना ऐन तारुण्यात कंपवात झालेल्या रुग्णांमध्ये एक जनुक बिघडलेलं सापडलं, त्याला पार्किन नाव दिलं. २००४ मध्ये पिंक-१ सापडलं, तशाच रुग्णांमध्ये. दोघांचा एकमेकांशी संबंध आहे हे सांगितलं फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांनी. ज्या चिलटांमधून पिंक-१ काढून टाकलं त्यांचे उडायचे स्नायू झिजले, पंखांची ठेवण बिघडली. पार्किन काढलेल्यांचंही हुबेहूब तसंच झालं. मग २००६ मध्ये पिंक-१ नसलेल्या चिलटांना जादा पार्किन देऊन बघितलं, तर ती सुधारली. उलटं करून बघितलं, तर काही उपयोग नाही. म्हणजे पिंक-१ आधी, पार्किन नंतर, एकच साखळी.

ती साखळी अशी. पेशीत तंतुकणिका असतात, ऊर्जा बनवणाऱ्या. पिंक-१ हे प्रथिन सतत बनत राहतं आणि धडधाकट तंतुकणिका त्याला सतत आत ओढून मोडून टाकते. रोज येतं, रोज संपतं, बाहेर काही दिसत नाही. तंतुकणिका निकामी झाली की तिच्यात ओढून घ्यायची ताकद उरत नाही. पिंक-१ दाराशीच साचू लागतं. एकट्या माणसाच्या बंद दारासमोर वर्तमानपत्रं साचत जातात आणि चौथ्या दिवशी शेजाऱ्याला शंका येते, तसं. इथला शेजारी पार्किन. तो येतो, त्या तंतुकणिकेवर 'मोडीत काढा' अशा चिठ्ठ्या चिकटवतो आणि पेशी तिला लयकारिकेत नेऊन विरघळवते. शाळेत आम्ही लयकारिकेवर दोन मार्कांची टीप लिहायचो, 'आत्मघाती पिशव्या' असं काहीबाही. ती पेशीची मोरी आहे आणि ती तुंबली तर घर राहण्यालायक उरत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मोरी तुंबण्याचीच गोष्ट पुढे आणखी एका आजाराने सांगितली. गोशे नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. त्यात लयकारिकेतलं एक विकर नीट बनत नाही. आईकडून आणि वडिलांकडून दोन्ही प्रती सदोष आल्या तर तो होतो. एकच सदोष प्रत असलेला माणूस वाहक, त्याला काही होत नाही, असंच मानलं जायचं. पण गोशेवर उपचार करणाऱ्यांच्या लक्षात यायला लागलं, की या रुग्णांच्या नातेवाइकांत कंपवाताची माणसं जरा जास्तच भेटतात. २००९ मध्ये १६ केंद्रांनी मिळून हजारो रुग्ण तपासले. कंपवाताच्या रुग्णांमध्ये या जनुकातले दोष सापडण्याची शक्यता निरोगी लोकांच्या पाचपटींहून अधिक निघाली. तरीही बहुतेक वाहकांना आयुष्यभर कंपवात होत नाही. हे वाक्य मी ठळक टाइपात आत्याला पाठवलं होतं. तिने अंगठा पाठवला.

एलआरआरके-२ या जनुकाचंही तेच. २००४ साली ते सापडलं तेव्हा बास्क प्रदेशातल्या घराण्यांवरून त्याच्या प्रथिनाला दार्दारिन असं नाव सुचवलं गेलं. बास्क भाषेत दार्दारा म्हणजे थरथर. आपल्या 'थरथर'ची ही लांबची बहीणच म्हणावी असा आवाज. त्यातला एक विशिष्ट बदल उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांत आणि अश्केनाझी ज्यूंमध्ये बराच आढळतो. पण तो असूनही ऐंशीव्या वर्षी ठणठणीत चालणारी माणसं आहेत. जनुक आहे, आजार नाही.

आणि जनुक नाही, आजार आहे, हेही झालेलं आहे. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण मुलं रुग्णालयांत आणली गेली. पुतळ्यासारखी झालेली. बोलता येईना, वळता येईना. सगळी लक्षणं वर्षानुवर्षांच्या कंपवाताची, पण आलेली काही दिवसांत. विल्यम लँगस्टन या चेताविकारतज्ज्ञाने छडा लावला, तेव्हा समान धागा निघाला चोरून बनवलेल्या कृत्रिम हेरॉईनचा. बनवणाऱ्याची रासायनिक प्रक्रिया बिघडली होती आणि एमपीटीपी नावाचा भलताच पदार्थ तयार झाला होता. तो मेंदूत शिरतो, मेंदूतलंच एक विकर त्याचं विष करतं, आणि डोपामिन आत घेण्यासाठी असलेलं दार त्या विषालाही आत घेतं, कारण ते डोपामिनसारखं दिसतं. आत गेल्यावर ते तंतुकणिकांची ऊर्जा बनवण्याची पहिलीच पायरी बंद पाडतं. त्या मुलांच्या आजोबा-पणजोबांची चौकशी करून काय मिळालं असतं? डोपामिनची उणीव भरून काढणारी लेव्होडोपा दिल्यावर ती हलू लागली. बाबांना सुरू केलेली गोळी तीच आहे.

एक अक्षर चुकलं, मजकूर तीनदा छापला, मोरी तुंबली, शेजारी आला नाही, विष घरात शिरलं. कारणं इतकी वेगवेगळी, आणि मरते ती मात्र तीच पेशी. तिनेच काय घोडं मारलं आहे? मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न हा आहे, आणि 'कुणाकडून आलं' या कलकलाटात तो ऐकूच येत नाही.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. त्यांतल्या या काळ्या पट्ट्यातल्या डोपामिनवाल्या फक्त काही लाख. पण एकेकीचा पसारा बघा. तिचा अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहून नेणारा लांब धागा, वर जाऊन इतक्या फांद्या फोडतो, की एका पेशीच्या सगळ्या फांद्यांची लांबी जोडली तर अंदाजे चार मीटरच्या वर भरते, आणि त्यांवर दहा लाखांहून जास्त जोडण्या असतात. उंदरावरून माणसाचा हिशेब करून काढलेला हा आकडा आहे, तेव्हा थोडं इकडेतिकडे धरा. तरीसुद्धा. डोळ्यांना न दिसणारी एक पेशी, आणि तिने एका खोलीच्या लांबीएवढी वायर दर क्षणाला चालू ठेवायची. शिवाय ती स्वस्थ बसत नाही. कुणी विचारो न विचारो, घड्याळाच्या टिकटिकीसारखे संदेश स्वतःच सोडत राहते आणि प्रत्येक टिकटिकीला कॅल्शियम आत घेते. ते पुन्हा बाहेर फेकायला ऊर्जा लागते. ऊर्जेसाठी तंतुकणिका राबतात, राबणारी तंतुकणिका लवकर झिजते. त्यात डोपामिन हा पदार्थच असा, की पिशवीबाहेर मोकळा राहिला तर गंजल्यासारखा होऊन आजूबाजूला इजा करतो. तो काळा रंगसुद्धा बहुधा त्याचाच साठवून ठेवलेला गाळ.

घरात एखादी बाई असते, सगळ्यात आधी उठणारी, सगळ्यात शेवटी निजणारी. घरावर कुठलंही संकट येऊ दे, आधी आजारी तीच पडते. मग सगळे विचारतात, हिच्या माहेरी कुणाला होतं का?

उतारवयात आजार झालेल्यांत वंशाचा वाटा किती, हे जुळ्यांवरूनही बघितलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या अमेरिकी जुळ्या भावांची मोठी नोंद होती, तिच्यावर आधारलेला अभ्यास १९९९ मध्ये आला. पन्नाशीनंतर आजार झालेल्यांमध्ये दोन्ही भावांना आजार होण्याच्या बाबतीत एकसारखे जुळे आणि वेगळे जुळे यांच्यात फारसा फरक दिसला नाही. पन्नाशीच्या आत झालेल्यांत मात्र एकसारख्या जुळ्यांच्या चारही जोड्यांत दोन्ही भावांना होता. चारच जोड्या, पण चारही. तेव्हा 'वंशाचा काही संबंध नाही' असं आत्याच्या थाटात म्हणून टाकणंही बरोबर नाही. शेकडा दहापंधरा रुग्णांच्या घरात आणखी कुणाला तरी असतो. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात जोखीम किंचित वाढवणाऱ्या किंवा घटवणाऱ्या ९० जागा सापडल्या. एकेकीचा परिणाम चिमूटभर. सगळ्यांची बेरीज केली, तरी वंशातून येणाऱ्या जोखमीचा एक हिस्साच उलगडतो.

मग उरतं काय? वय उरतं, ते तर सगळ्यांनाच आहे. काही कीटकनाशकं आणि तणनाशकं उरतात. पॅराक्वाट आणि रोटेनोन यांच्याशी काम केलेल्यांमध्ये हा आजार जास्त दिसला आहे, आणि रोटेनोन तंतुकणिकेतली तीच पहिली पायरी अडवतं जी त्या कॅलिफोर्नियातल्या विषाने अडवली होती. बाबांनी आयुष्यात कीटकनाशक फवारलं नाही. शाई वापरली. शाईचं कुठे काही सापडलं नाही, मी बराच शोध घेतला.

आणि आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी मला अख्ख्या मराठीत एकच म्हण सापडली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

काही रुग्णांच्या मेंदूत गर्भातल्या ताज्या चेतापेशींचं रोपण केलं गेलं होतं. कोवळ्या, दुसऱ्याच वंशाच्या पेशी. त्यांचा रुग्णाच्या घराण्याशी काही संबंध नाही. दहाहून अधिक वर्षांनी त्यांतले काही रुग्ण वारले आणि २००८ मध्ये त्यांच्या मेंदूंचं परीक्षण प्रसिद्ध झालं. रोपलेल्या पेशी तग धरून होत्या. पण त्यांतल्या काहींच्या पोटात लेवीची गाठोडी होती. दहापंधरा वर्षं वयाच्या पेशीत म्हातारपणाचं गाठोडं. सगळ्यात सरळ अर्थ असा, की शेजारच्या आजारी पेशीतून चुकीचं दुमडलेलं प्रथिन इकडे आलं आणि त्याने इथल्या चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखं दुमडायला शिकवलं. वाण नाही पण गुण. त्याआधी २००३ मध्ये हायको ब्राक या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने शंभराहून अधिक मेंदू तपासून मांडलं होतं, की ही गाठोडी काळ्या पट्ट्यात उगम पावत नाहीत. त्याआधी ती वासाच्या भागात आणि आतड्यांकडून येणाऱ्या व्हेगस चेतेच्या मुळाशी दिसतात, आणि तिथून पायरीपायरीने वर चढतात. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, यावर वाद आहेत. पार्किनचा दोष असलेल्या कित्येक रुग्णांमध्ये तर गाठोडी सापडतच नाहीत, म्हणजे एका नावाखाली आपण दोनचार आजार कोंबलेत की काय अशी शंका घ्यायला जागा आहे. पण नाक, पोट, झोप, मग हात, हा क्रम वाचताना मला आमचंच घर दिसत होतं. गॅस. इसबगोल. उशाचा दिवा. चेक.

धाकट्या भावाने थुंकी पाठवून करायची तपासणी मागवली. "ताई, तूही कर, सोक्षमोक्ष लागेल." त्याचा निकाल आला तेव्हा रात्री साडेअकराला त्याने फोन केला. काही नाही निघालं! दोन जनुकांमधले मोजके ठरावीक बदल तपासले होते त्यांनी. अख्ख्या ग्रंथातले दोन शब्द बघून ग्रंथ शुद्ध असल्याचं प्रमाणपत्र द्यावं, तसं. मी त्याला ते बोलून दाखवलं नाही. तो किती दिवसांनी नीट झोपणार होता. मी स्वतः तपासणी केली नाही. अजून ठरलेलं नाही, एवढंच. बाबांचं निदान बहात्तराव्या वर्षी झालं, मागे कुणाला नव्हतं. अशा वेळी एखादं एकटं दोषी जनुक निघायची शक्यता कमी, असं डॉक्टर म्हणाले. 'कमी' हा शब्द मी तीनदा लिहून बघितला. काना, मात्रा, वेलांटी, काही चुकलेलं नव्हतं.

गोळ्यांनी बाबांचं बरं चाललं आहे. वेळ पाळावी लागते. अर्धा तास उशीर झाला की शर्टाचं बटण काजापर्यंत जातं आणि तिथे थांबून राहतं. बोटांना माहीत असतं पुढे काय करायचं. सुरुवात होत नाही. अशा वेळी मी मदतीला गेले तर ते मान हलवतात. मग दोघं उभे राहतो. कधीकधी पूर्ण मिनिटभर. मग बटण जातं.

बँकेत नव्या सहीचा नमुना द्यायचा होता. मधल्या काळात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक युक्ती सांगितली होती: कोऱ्या कागदावर लिहू नका, रेघांत लिहा. आपोआप होणारी हालचाल लहान होते, पण डोळ्यांसमोर मोजमाप असलं की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करतो आणि अक्षर परत मोठं निघतं. बाबांना हे एका दिवसात जमलं. ड्राफ्ट्समनने पेन्सिलीच्या दोन रेघांमध्ये अक्षर बसवायचं, यात शिकण्यासारखं काय होतं?

तर फॉर्मवर सहीसाठी चौकोन होता. बाबांनी खिशातून छोटी पट्टी काढली, पेन्सिल काढली, आणि चौकोनात दोन फिक्या समांतर रेघा मारल्या. खालची जरा तिरकी गेली. ती खोडून परत मारली. मागे रांग वाढत होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, नमुन्यावर रेघा चालत नाहीत."

"खोडतो ना," बाबा म्हणाले. आवाज हल्ली बारीक झाला आहे, तिला ऐकू गेलं नसावं.

मग पेन घेऊन त्यांनी सही केली. पहिलं अक्षर वरच्या रेघेला टेकलं, दुसरं टेकलं, शेवटचंही टेकलं. खालून मागे फिरणारी ती लफ्फेदार रेघ मारावी की नाही यावर ते क्षणभर थांबले, आणि मारली. शाई वाळेपर्यंत थांबायला हवं होतं. त्यांनी पूर्ण दोन मिनिटं घेतली. रांगेतल्या एकाने घड्याळ बघितलं.

रेघा खोडताना कागद मला धरावा लागला.